बी की बेणे?

एक साधा प्रश्न विचारतो. उसाचे बी तुम्ही कधी पाहिले आहे का? लगेच ‘हो’ म्हणू नका. आमच्या घरात याच प्रश्नावरून एकदा चांगलाच वाद रंगला होता.

आमचे गाव पुणतांबा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले, गोदावरीच्या काठावरचे. चांगदेवांच्या समाधीमुळे अनेकांना ते माहीत असते. रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्यांना ते जंक्शन म्हणून आठवते. आमच्यासारख्या शेतकरी घरातल्या माणसांसाठी मात्र पुणतांबा म्हणजे कालव्याचे पाणी आणि ऊस. येथून जवळच असलेल्या लोणीला १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून या भागातल्या कितीतरी घरांचा वर्षाचा हिशेब उसावरच बेतलेला असतो.

सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा सहावीत शिकणारी माझी पुतणी ओसरीवर एक तक्ता तयार करत बसली होती. तक्त्याचे नाव होते ‘आमच्या गावातील बिया’. पहिल्या चौकटीत गहू, दुसरीत बाजरी, तिसरीत हरभरा, चौथीत कांद्याचे काळे बारीक बी. पाचव्या चौकटीत तिने उसाचा एक छोटा तुकडा दोऱ्याने बांधला होता आणि खाली लिहिले होते, ‘उसाचे बी’.

तिच्या आजीने चष्मा सरळ करून पाहिले आणि म्हणाली, “आगं, हे बी नाही. बेणं हाय.”

“एकच की गं आजी! जे जमिनीत घालायचं ते बी.”

“एक कसं? पेरायचं ते बी, लावायचं ते बेणं.”

पुतणी माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही सायन्सचे ना? मग सांगा, कोण बरोबर?”

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. उष्णता, प्रकाश, वीज हे माझे रोजचे विषय. पण या प्रश्नाचे उत्तर मला शाळेत असतानाच मिळाले होते, आणि तेही फार महागात पडून. ती हकीकत पुढे सांगतोच. आधी हे दोन शब्द नीट पाहू या.

शब्द काय सांगतात?

फुलातून फळ धरते आणि फळात जो दाणा तयार होतो, ते बी. गव्हाचे बी, कपाशीचे बी, भोपळ्याचे बी. यातलेच पेरणीसाठी निवडून बाजूला राखलेले बी म्हणजे बियाणे.

बेणे हा दाणा नव्हे. तो झाडाच्या अंगाचाच, लावण्यासाठी राखलेला तुकडा असतो. उसाची टिपरी, डोळे असलेला बटाटा, हळदीचा गड्डा, आल्याचा तुकडा, लसणाची पाकळी ही सगळी बेणी. ‘सोयाबीनचे बेणे’ असे कोणी म्हणत नाही. उसाची ‘पेरणी’ झाली असेही शेतकरी म्हणत नाही, उसाची ‘लागण’ होते. शब्दकोश न उघडताही आजीने हा फरक एका वाक्यात सांगितला होता.

सगळ्याच भाषा हा फरक इतका जपत नाहीत. इंग्रजीत उसाच्या बेण्याला ‘सीड केन’ आणि बटाट्याच्या बेण्याला ‘सीड पोटॅटो’ म्हणतात, म्हणजे तिथेही ‘बी’च. आपल्या देशाच्या १९६६ च्या बियाणे कायद्याने केलेल्या बियाण्याच्या व्याख्येतही दाण्यांच्या जोडीला कंद, गड्डे, मुळे, छाटे आणि कलमे यांचा समावेश आहे. कायद्याचे काम शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या मालाचा दर्जा सांभाळणे हे आहे, त्यामुळे तिथे एक शब्द पुरतो. पण झाडाच्या अंगात काय घडते हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र दोन शब्दच हवेत.

उसाच्या डोळ्यात काय असते?

आता एक ऊस हातात घ्या. दोन पेरांच्या मधल्या गाठीवर एक छोटा, टोकदार फुगवटा दिसेल. तो डोळा. डोळा म्हणजे अगदी लहान, मिटलेला कोंब. त्याच गाठीभोवती बारीक ठिपक्यांची रांग दिसेल. टिपरी ओल्या मातीत ठेवली की या ठिपक्यांतून मुळे फुटतात आणि डोळ्यातून कोंब वर येतो. कोंबाला स्वतःची मुळे फुटेपर्यंत त्याला लागणारी साखर आणि पाणी टिपरीतूनच मिळते. शिदोरी बरोबर घेऊन प्रवासाला निघावे, तसेच हे.

पण यात नवीन झाड जन्माला आले का? नीट विचार करा. इथे फूल नाही, पराग नाही, दोन झाडांचा संबंध नाही. जुन्या उसाच्याच पेशी वाढल्या, विभागल्या आणि वर आल्या. म्हणजे जुनाच ऊस नव्या जागी वाढू लागला. सारखाच रंग, सारखीच गोडी आणि खोडही तसेच.

बीमध्ये गोष्ट वेगळी असते. परागकणातून अर्धी गुणसूत्रे येतात आणि बीजांडातून अर्धी. दोघांच्या मिश्रणातून बीच्या आत एक नवा गर्भ तयार होतो. आईची थोडी खूण, बापाची थोडी खूण, पण संपूर्ण नकल कोणाचीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग गव्हाचे घरचे बी पेरले तर तसाच गहू कसा येतो? शंका बरोबर आहे. गव्हाच्या फुलात बहुधा त्याच फुलाचे पराग पडतात. पिढ्यान्‌पिढ्या असे घडले की आईबाप जवळजवळ एकसारखेच होतात आणि मिश्रण करूनही फारसे नवे काही निघत नाही. संकरित बाजरीचे मात्र तसे नाही. तिचे आईबाप मुद्दाम वेगळे निवडलेले असतात. म्हणून तिच्या कणसातले दाणे पुन्हा पेरले की शेतात लहानमोठी, लवकर-उशिरा येणारी अशी मिसळ उगवते आणि शेतकऱ्याला दर वर्षी नवे बियाणे घ्यावे लागते.

बेण्याचे गणित

एक सोपा हिशेब करू या. समजा, एका डोळ्यापासून पाच उसांचे बेट तयार झाले आणि प्रत्येक उसावर वापरण्याजोगे पंधरा डोळे आहेत. पहिल्या लागणीनंतर झाले ७५ डोळे. ते सगळे लावले तर दुसऱ्या लागणीनंतर ५,६२५ आणि तिसऱ्या लागणीनंतर ४,२१,८७५. एका डोळ्यापासून सव्वाचार लाख! हेक्टरी दोन डोळ्यांच्या सुमारे पंचवीस हजार टिपऱ्या लागतात, म्हणजे पन्नास हजार डोळे. तेव्हा एकाच डोळ्याच्या वंशावर आठ हेक्टरांची लागण होईल, आणि त्यातला प्रत्येक ऊस मूळ उसाची हुबेहूब नकल असेल.

भौतिकशास्त्रात आम्ही याला साखळी प्रक्रिया म्हणतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे. एक चांगला ऊस सापडला की त्याचा गुण लाखो उसांत जसाच्या तसा उतरतो. पण साखळी प्रक्रियेला चांगले आणि वाईट कळत नाही. त्या पहिल्या डोळ्यात रोग लपलेला असेल तर?

काळे चाबूक

आता ती हकीकत. मी शाळेच्या वरच्या वर्गात होतो. शेत माझे थोरले चुलते, आमचे तात्या, पाहत असत. त्या वर्षी दोन एकर लागण करायची होती आणि बेण्याची टंचाई होती. ओळखीच्या एका शेतात हिरवागार खोडवा उभा होता. तात्यांनी तिथूनच बेणे आणले. ऊस दिसायला निरोगी होता, डोळे टपोरे होते. तात्या काही कच्चे शेतकरी नव्हते. त्यांनी दोन-तीन ऊस चिरूनही पाहिले होते.

लागण चांगली उगवली. पण तीन-चार महिन्यांनी काही बेटांत गवतासारखी बारीक फूट दिसू लागली. मग एका सकाळी मी शेतात गेलो, तर शेंड्यांतून काळे, लांब, वाकलेले चाबूक बाहेर आलेले. हात लावताच काजळीसारखी भुकटी बोटांना लागली. तात्या लांबूनच ओरडले, “हात नको लावू! काणी आहे ती.”

काणी हा बुरशीमुळे होणारा रोग. ती काळी भुकटी म्हणजे बुरशीचे कोट्यवधी बीजाणू. वाऱ्याबरोबर ते शेजारच्या उसावर जातात आणि डोळ्यांत शिरतात. असा डोळा बाहेरून निरोगीच दिसतो. तो बेणे म्हणून लावला की कोंबाबरोबर बुरशीही वाढते. आम्ही पोत्यात चाबूक अलगद गुंडाळून कापले, बेटे मुळासकट खणली आणि बांधावर नेऊन जाळली. शेवटी उरलेला ऊसही मोडावा लागला. त्या वर्षी घरात दिवाळीला नवे कपडे आले नाहीत. थोरल्या बहिणीची कॉलेजची फी भरायला आईच्या बांगड्या गहाण पडल्या.

तात्या पुढे कितीतरी दिवस एकच वाक्य बोलत. “मी ऊस बघितला, ऊसाचं घराणं नाही बघितलं.” बेणे या शब्दाचा अर्थ मला तेव्हा समजला. बेणे निवडणे म्हणजे जुनेच शरीर पुढे चालवणे. त्याचे गुण आपल्याला मिळतात, तशी त्याची दुखणीही मिळतात.

बीमध्ये हा धोका पुष्कळ कमी असतो. काही रोग बीमधूनही पसरतात, पण झाडाच्या अंगात मुरलेले बरेचसे रोग बीच्या गर्भापर्यंत पोचत नाहीत.

बेण्याला आंघोळ

मग शेतकऱ्याने करावे काय? इथे माझे भौतिकशास्त्र मदतीला येते. बेण्याच्या टिपऱ्या ५० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात सुमारे दोन तास ठेवतात, किंवा ५४ अंशांच्या दमट गरम हवेत काही तास ठेवतात. या तापमानाला अनेक रोगजंतू मरतात आणि डोळा मात्र जगतो. दोघांच्या सोसण्यातला फरक फार थोडा असतो. पाणी चार-पाच अंश जास्त तापले तर डोळेही शिजतील आणि कमी राहिले तर रोग वाचेल.

पण दोन तास कशासाठी? उष्णता कांडीच्या आत हळूहळू शिरते म्हणून. तीन सेंटिमीटर जाडीच्या उसाचा गाभा बाहेरच्या पाण्याइतका तापायला ढोबळ हिशेबाने अर्धा तास लागतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. गाभा तापल्यावरही रोगजंतू मरेपर्यंत ते तापमान टिकवून धरावे लागते. घरी बटाटे उकडताना मोठा बटाटा आतून कच्चा राहतो ना, तेच तत्त्व इथे आहे.

मोझॅकसारखे विषाणूंचे रोग एवढ्यानेही जात नाहीत. त्यासाठी शेंड्याच्या टोकावरचा अगदी सूक्ष्म भाग घेऊन प्रयोगशाळेत त्याची रोपे वाढवतात. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. या टोकावरच्या पेशींत विषाणू सहसा पोचलेला नसतो. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये हे काम चालते. अशा निरोगी बेण्यापासून आधी मूलभूत, मग पायाभूत आणि मग प्रमाणित बेणे अशा तीन पायऱ्यांनी ते वाढवत शेतकऱ्यापर्यंत आणतात. लागणीसाठी नऊ ते अकरा महिन्यांच्या कोवळ्या बेणेमळ्यातला ऊस घ्यावा, खोडव्याचा घेऊ नये, आणि तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे, असे तज्ज्ञ सांगतात. तात्यांना हे आधी कळले असते तर!

मग उसाला बी असतेच का?

असते. थंडीच्या सुमारास काही उसांच्या शेंड्यावर रुपेरी, पिसासारखा तुरा येतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो उसाचा फुलोरा. शेतकऱ्याला तुरा आवडत नाही, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि पुढे आत दशी पडते. पण याच तुऱ्यात, केसाळ आवरणात, दीडेक मिलिमीटर लांबीचे बी तयार होऊ शकते. आपल्याकडच्या थंड रात्रींत पराग नीट तयार होत नाहीत, म्हणून तुऱ्यात कसदार बी क्वचितच धरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तर उसाला रुजणारे बी नसतेच, अशी जाणकारांचीही समजूत होती.

ती समजूत मोडली संकटामुळे. १८८० नंतर जावा बेटावरच्या उसाच्या मळ्यांत सेरेह नावाचा रोग पसरला. सगळे मळे बेण्यापासून केलेले आणि म्हणून एकसारखे होते. एक बळी पडला की दुसराही पडे. डोंगराळ भागातून निरोगी बेणे आणून लोक दिवस काढू लागले. याच दशकात जावा आणि बार्बाडोस या बेटांवर उसाचे बी रुजते असे सिद्ध झाले. मग गोड उसाचा रानटी, काटक उसाशी संकर करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२१ मध्ये केलेल्या संकरातून ‘पीओजे २८७८’ हा जावातला प्रसिद्ध वाण मिळाला.

आपल्या देशात हेच काम कोईमतूरला झाले. तिथे उसाच्या तुऱ्यात चांगले बी धरते. १९१२ साली तेथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी गोड जाड उसाचा संकर ‘काश’ या रानगवताशी केला. गोडी उसाची आणि काटकपणा गवताचा, असा ‘को २०५’ हा वाण १९१८ मध्ये पंजाबातल्या शेतकऱ्यांना मिळाला. ‘को’ म्हणजे कोईमतूर. आमच्या भागात आज सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘को ८६०३२’ तिथलाच. त्याची आई ‘को ६२१९८’ आणि बाप ‘कोसी ६७१’. ‘फुले २६५’ हा वाण मात्र आपल्याच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा.

बीचे गणित

संकरातून चांगला वाण मिळणे इतके अवघड का? एक नाणे उडवले तर दोन शक्यता, दहा उडवली तर १,०२४, वीस उडवली तर दहा लाखांहून अधिक. लागवडीच्या उसात शंभराहून जास्त गुणसूत्रे असतात. पन्नास जोड्या धरल्या आणि प्रत्येक जोडीतून कोणते जाणार हे नाणेफेकीवर सोडले, तर शक्यता होतात ११ वर १४ शून्ये! उसाची गुणसूत्रे हा नियम तंतोतंत पाळत नाहीत, पण अंदाज यावा म्हणून हा आकडा पुरेसा आहे. म्हणून शास्त्रज्ञ हजारो रोपे वाढवतात, वर्षानुवर्षे तपासतात आणि त्यातून एखादे निवडतात.

आणि ते एक रोप निवडल्यावर पुढे काय करतात? त्याचे बेणे! कारण बी पुन्हा पेरले तर पत्ते पुन्हा पिसले जातील. बी विविधता वाढवते आणि बेणे संख्या वाढवते. नवा वाण शोधायला बी हवे आणि सापडलेला वाण सांभाळायला बेणे हवे. कोकणातला हापूसही असाच. कोय लावली तर हापूस मिळेलच असे नाही, म्हणून कलम बांधतात. कलम हे बेण्याचेच भावंड.

जाता जाता एक गंमत. आमच्याकडे खोडकर पोराला ‘लई बेणं हाय’ म्हणतात. शास्त्राच्या दृष्टीने हे चूक आहे. आपण सगळे ‘बी’पासूनचे, आईबापांच्या नव्या मिश्रणातून आलेले. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जन्मलेली एकसारखी जुळी मुले तेवढी अपवाद!

करून पाहा

एक ऊस घ्या. त्यातून तीन डोळ्यांची एक टिपरी आणि एकेका डोळ्याच्या तीन टिपऱ्या कापा. (कापताना मोठ्या माणसाची मदत घ्या.) शेंड्याकडच्या टोकाला दोरा बांधून खूण करा. सगळ्या टिपऱ्या ओल्या मातीत आडव्या पुरा आणि माती ओलसर ठेवा. तीन-चार आठवडे रोज पाहून वहीत नोंद करा. तीन डोळ्यांच्या टिपरीत बहुधा शेंड्याकडचा डोळा आधी फुटेल आणि खालचे मागे राहतील. सुटे डोळे मात्र एकमेकांसाठी थांबणार नाहीत. वरचा कोंब ऑक्सिन नावाचे द्रव्य खाली पाठवतो आणि त्यामुळे खालचे डोळे दबून राहतात. टिपरी कापली की हा धाक संपतो.

पुतणीच्या तक्त्याचे काय झाले? तिने खडूने मधोमध एक उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला लिहिले ‘बी’ आणि उजव्या बाजूला ‘बेणे’. उसाची टिपरी उजवीकडे गेली. तिच्या सोबतीला स्वयंपाकघरातून लसणाची पाकळी आली, आल्याचा तुकडा आला. मग तिने कांदा उचलला आणि थांबली. कांद्याचे बी तर डावीकडे होते. पण बी मिळवण्यासाठी शेतकरी निवडक कांदेच जमिनीत लावतो, मग त्यांना डेंगळे येतात आणि त्यात बी धरते. मग कांदा कोणत्या बाजूला ठेवायचा?

ती आजीकडे पाहू लागली, आजी माझ्याकडे. मी तिला उत्तर दिले नाही. तुम्हालाही देत नाही. विचार करा, शेतकऱ्याला विचारा, आणि तुमचा स्वतःचा तक्ता तयार करा.